अनुभव धागा : तुमच्या भागात 'पुरोगामी' कोणाला म्हणतात?

पंचगंगा

२०१९ मध्ये माझी बदली नागपूरला झाली. मी कागल तालुक्यातली, शिक्षण सगळं कोल्हापुरात, सांगली-इचलकरंजीच्या पलीकडं कधी राहिलेलीच नव्हते. दुपारी डबा खायला आम्ही सहा-सात जण एकत्र बसायचो आणि एक दिवस वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला. तोंडातला घास गिळायच्या आत मी बोलून गेले की महाराष्ट्र तोडायची भाषा पुरोगामी माणूस करूच कसा शकतो. टेबलावर सगळे गप्प झाले. समोर बसणारे एक सर, वयानं मोठे, दीक्षाभूमीजवळ राहणारे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावाहून येणाऱ्या पन्नास-पन्नास माणसांचा स्वयंपाक घरी करणारे, तेही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याच्या पिशवीतून बाबासाहेबांची १९५५ सालची भाषावार राज्यांवरची पुस्तिका काढून माझ्यापुढं ठेवली. जुनी, खाकी कागदाचं कव्हर घातलेली, कोपरे हाताळून मऊ पडलेले. एवढंच म्हणाले, मॅडम घरी न्या, घाई नाही.

त्यात बाबासाहेबांनी स्वच्छ लिहिलंय की मराठी मुलखाची चार राज्यं करावीत, मुंबई वेगळी, पश्चिम वेगळा, मध्य वेगळा आणि पूर्व म्हणजे विदर्भ वेगळा. मोठ्या राज्यात छोट्या जातींचा आवाज दबतो आणि मागास भाग मागासच राहतो हे त्यांचं म्हणणं. आणि मी तर संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली. आमचे आजोबा शेकापचे म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, एसेम जोशी, डांगे, अत्रे यांच्या सभांना बैलगाडी जुंपून गेलेले. आमच्या घरात पुरोगामी म्हणजे संयुक्त महाराष्ट्रवाला, यात वाद करायचं काही आहे हेच माहीत नव्हतं.

आमच्या कोल्हापुरात हा शब्द शाहू महाराजांपासून सुरू होतो. १९०२ चं पन्नास टक्के राखीव जागांचं फर्मान, १९१७ ची सक्तीची शाळा, गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन महाराजांनी चहा पिणं, हे आम्हाला शाळेच्या आधी घरात कळतं. कुठल्याही पक्षाचा माणूस स्टेजवर चढला की पहिलं वाक्य हेच, शाहूंच्या पुरोगामी नगरीत. आणि त्याच नगरीत १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेल्या कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मी तेव्हा कोल्हापुरातच होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण हा शब्द किती सहज वापरत आलो.

म्हणून धागा. तुमच्या भागात पुरोगामी म्हटलं की कोण डोळ्यापुढं येतं, ते तिथं कुठल्या दारानं आलं, दुसऱ्या भागात गेल्यावर काय झालं. आपला स्वतःचा, घरातला अनुभव लिहा. आजच्या पुढाऱ्यांना शिव्या नकोत, त्यासाठी बाकी धागे आहेत.

संत्र्याचा मळा

ताई, तुमच्या सरांसारखाच मी पण विदर्भातला, पण दुसऱ्या बाजूचा. वरूड तालुका, कुणबी घर, कापूस आणि संत्रा. आमच्या इकडे या शब्दाचा घोळ तुमच्यापेक्षा मोठा आहे ते सांगतो.

आमच्या घरी चार फोटो. पहिले तीन गाडगेबाबा, तुकडोजी महाराज आणि भाऊसाहेब म्हणजे पंजाबराव देशमुख. भाऊसाहेबांनी १९२७ ला अमरावतीला अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रह केला, स्वतः जातीबाहेर लग्न केलं, कुणब्याच्या पोरांसाठी शाळा-कॉलेजं काढली. आम्ही कुणबी ओबीसी आहोत याचं आम्हाला कधी कमीपण वाटलं नाही, ती त्यांची पुण्याई. पुढं मी पुण्यात शिकायला गेलो तर तिथले मराठा मित्र विचारायचे, तुम्ही स्वतःला मागास कसं काय म्हणवून घेता. आज मराठवाड्यातले भाऊ कुणबी दाखल्यासाठी निजामाच्या काळची कागदं शोधतात तेव्हा मला ते पुण्यातलं होस्टेल आठवते.

पण खरं सांगायचं ते चौथ्या फोटोबद्दल, शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या. पुण्यात आमच्या ग्रुपमध्ये मी शरद जोशींचं नाव घेतलं की लगेच, अरे ते तर खुल्या बाजारवाले, ते कसले पुरोगामी. मी तेव्हा गप्प बसायचो, आता बसत नाही.

१९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. म्हणजे आमचा कापूस सरकारलाच द्यायचा, दुसऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. मुंबई-पुण्याच्या समाजवादी मंडळींना वाटायचं यानं शेतकरी व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटला. आमच्या घरापासून मध्य प्रदेशाची हद्द सायकलनं जाण्याइतकी जवळ, पलीकडे भाव जास्त असला तरी नेता येत नव्हता, इकडे गाड्यांच्या रांगेत दोन-दोन रात्री थंडीत काढायच्या आणि चुकारा हप्त्याहप्त्यानं. माझा काका एकदा रात्री बैलगाडीत कापूस भरून वर कडब्याच्या पेंढ्या टाकून निघाला, नाक्यावर पकडला, कापूस जप्त आणि वर केस. स्वतःच्या वावरातला कापूस विकला म्हणून माणूस चोर ठरला. आमच्या काकाला स्वातंत्र्य म्हणजे काय हे त्या नाक्यावर समजलं, कुठल्या पुस्तकात नाही.

आणि दुसरं, लक्ष्मीमुक्ती. संघटनेनं नव्वदच्या आसपास हाक दिली की ज्या बाईनं जन्मभर तुमच्या वावरात निंदण-खुरपण केलं तिच्या नावानं जमीन करा. कायदा नाही, सक्ती नाही, नुसतं सांगणं. आमच्या आज्यानं दोन एकर आजीच्या नावानं केले. मी त्यावेळी तिसरी-चौथीत असेन. तलाठ्यानं सातबारा आणून दिला, आजीला वाचता येत नव्हतं, तिनं मला विचारलं माहं नाव कुठं हाय. मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या जागेवर स्वतःचं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. नंतर तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डाळीच्या डब्यात ठेवला, ती वारली तेव्हा तिथंच सापडला.

आता ज्यांना शरद जोशी पुरोगामी वाटत नाहीत त्यांच्या घरी आजीच्या नावावर किती एकर आहे, हे मी खरंच मनापासून विचारतो. भांडायला नाही.

पंचगंगा

डोळ्यात पाणी आलं हो. आमच्या आजोबांनी आयुष्यभर लाल झेंडा घेतला पण आजीच्या नावावर काही नव्हतं. हे मला आज, तुमचं वाचताना पहिल्यांदा लक्षात आलं.

खारेपाट

आमच्याकडं अलिबागच्या बाजूला पुरोगामी वगैरे कोणी म्हणत नाही, आमच्याकडं शेकाप म्हणतात. आणि तो शेकाप कोल्हापूरच्या शेकापसारखा नाही. आमचा चरीच्या संपातून आलेला. १९३३ ते १९३९, कुळांनी खोतांची जमीन कसायचीच बंद केली. माझी पणजी चरीच्या शेजारच्या गावातली. सहा वर्षं शेत समोर ओस पडलेलं बघायचं आणि जंगलातली लाकडं तोडून विकून खायचं. नारायण नागू पाटील पुढारी, बाबासाहेब १९३४ ला चरीला येऊन गेले. म्हणजे आगरी, कुणबी, महार सगळी कुळं एका बाजूला आणि खोत दुसऱ्या बाजूला. खोताची जात कुठली हा प्रश्न पणजीच्या गोष्टीत कधी यायचाच नाही, खोत म्हणजे खोत. २००८ ला पेण तालुक्यात सेझसाठी म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची का यावर गावांचं मतदान झालं तेव्हा माझ्या वडलांनी मला सोबत नेलं, म्हणाले बघून ठेव, हे चरीचं पुढचं पान आहे. पुण्यात मी पाहिलं की पुरोगामी लोक आधी देव आहे की नाही यावर बोलतात. आमच्याकडं तो प्रश्न कोणी विचारला नाही, आमच्याकडं पहिला प्रश्न जमीन कुणाची.

चाळ नंबर ९

मी लालबागचा. वडील गिरणीत साचेखात्यात. आमच्या चाळीत 'युनियनवाला' हा शब्द होता, पुरोगामी नव्हता. माझ्या लहानपणी पहिल्या मजल्यावर लाल बावट्याचा माणूस राहायचा, तो रात्री गॅलरीत बसून पोरांना पेपर वाचून दाखवायचा. १९७० ला आमचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, त्यानंतर पोटनिवडणुकीत परळमधून शिवसेनेचा पहिला आमदार आला. वडील सांगायचे की एका वर्षात गॅलरीतलं वाचन थांबलं. कुणी बंद करा म्हटलं नव्हतं, ऐकायला पोरं येईनाशी झाली. मग १८ जानेवारी १९८२ चा गिरण्यांचा संप, अडीच लाखाच्या आसपास कामगार, संप मागं घेतलाय असं आजपर्यंत कोणी जाहीर केलेलं नाही. वडील आम्हाला घेऊन साताऱ्याच्या गावी आले. तिथं आमच्या भावकीत सगळे सहकारवाले, कारखाना, सोसायटी, बँक, आणि ते स्वतःला पुरोगामीच म्हणवायचे कारण यशवंतराव, कारण कर्मवीर अण्णा. वडलांना त्या कारखान्यात हंगामी काम मिळालं. त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं इथं युनियन कुठाय, तर चुलत्यानं सांगितलं, कारखाना आपलाच आहे, युनियन कुणाच्या विरोधात काढणार. वडील त्यानंतर राजकारणावर बोलले नाहीत. वारले २००६ ला. गिरणीचा पास पाकिटात होता.

घाटमाथा

मी मूळ पुण्याचा, सुरगाणा तालुक्यात जि. प. शाळेत शिक्षक म्हणून सतरा वर्षं झाली. कॉलेजात असल्यापासून अंनिसचं म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम केलेलं, त्यामुळं मी सुरगाण्याला गेलो तो डोक्यात एकच घेऊन, भगत, बुवाबाजी आणि मुलांना साप चावल्यावर मंत्र. पहिल्या दोन वर्षांत मी गावातल्या भगताशी इतकी भांडणं केली की लोक माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. साप चावलेल्या एका मुलीला मी स्वतः मोटरसायकलवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं, ती वाचली, तरी भगताचं वजन काही कमी झालं नाही आणि मला ते समजायचं नाही.

मग मार्च २०१८. नाशिकहून ६ तारखेला शेतकऱ्यांचा मुंबईकडं मोर्चा निघाला, आमच्या पाड्यावरून एकशे चाळीस माणसं गेली, त्यात तो भगत. डोक्याला लाल टोपी, खांद्यावर लाल बावटा, पाठीला पिशवीत तांदूळ आणि नागलीच्या भाकरी. मी सुट्टीच्या दिवशी ठाण्यात जाऊन त्यांना गाठलं आणि शेवटचा टप्पा सोबत चाललो. सायनला सोमय्या मैदानात मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, दिवसा निघालो तर मुंबईच्या पोरांना ट्रॅफिकमुळं उशीर होईल म्हणून आमच्या लोकांनी रात्रीतच उठून आझाद मैदान गाठायचं ठरवलं. एकशे ऐंशी किलोमीटर चाललेली माणसं, आणि आराम न करता रात्री परत चालायला लागली. भगताच्या टाचेची कातडी पूर्ण निघालेली, त्याच्या चपलेला रबराच्या ट्यूबची पट्टी बांधलेली. मी म्हटलं बाबा थांबा गाडीत बसा, तर म्हणाला, गुरुजी, पट्ट्याचा कागद माझ्या नावाचा आहे, गाडीत बसून कसा मागू.

चार एकर कसतो आणि हक्क मिळाला होता वीस गुंठ्यांचा. त्याच्यासाठी लाल बावटा म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा आणि तो कागद. त्याचा मंत्र आणि त्याचा बावटा यांचं एकमेकांशी भांडण नव्हतं, भांडण माझ्या डोक्यात होतं. मी आजही सापाच्या बाबतीत एक पाऊल मागं घेतलेलं नाही, पण आता साप निघाला की भगतच मला फोन करतो आणि आम्ही दोघं मिळून पेशंटला घेऊन जातो. १९८९ पासून डॉ. दाभोलकरांनी जे काम उभं केलं त्यातलं मी त्या रात्री नव्यानं काही शिकलो, म्हणजे माणसाशी बोलणं सुटू द्यायचं नाही, तेही हेच सांगायचे पण मी नुसतं ऐकलं होतं.

पेडण्याची

गोव्याचं लिहू का? आमच्याकडे हा विषय एका घरात दोन पक्ष करतो, आमच्याच घरात केला.

बाबा पेडण्याचे, कूळ घराण्यातले. आई मडगावची. १६ जानेवारी १९६७ ला ओपिनियन पोल झाला, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा संघप्रदेश ठेवायचा. वेगळं राहायच्या बाजूला ३४,०२१ मतं जास्त पडली. आजोबा म्हणजे बाबांचे वडील विलीनीकरणवाले, सिंहाच्या निशाणीवाले म्हणजे मगो पक्षाचे. का, तर भाऊसाहेब बांदोडकर. पोर्तुगीज काळात आमच्या वाड्यावरच्या पोरांना शाळा नव्हती, भाऊसाहेब आले आणि गावागावात मराठी शाळा निघाल्या, बाबा त्या शाळेतल्या पहिल्या मुलांपैकी. पुढे कूळ-मुंडकारांचे कायदे झाले, ज्या घरात राहतो ते घर आपलं म्हणायची सोय झाली. आजोबांना विलीनीकरण म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, पायरीवर चपला काढून उभं राहायचं संपणं. आईच्या माहेरी उलट. त्यांच्यासाठी वेगळा गोवा म्हणजे कोकणी जगणं, हिंदू-ख्रिश्चन एका वाड्यावर राहणं, मोठ्या राज्यात विरघळून न जाणं. आता सांगा यातलं पुरोगामी कोण? मी दोन्ही आजोळी वाढले, मला दोघंही पुरोगामी वाटतात आणि दोघांनी एकमेकांना तसं कधी मानलं नाही.

दुसरा अनुभव पुण्यात शिकायला गेले तेव्हाचा. वर्गात सगळे म्हणायचे, तुमच्या गोव्यात समान नागरी कायदा, बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा, मुलीला मुलाइतका, तुम्ही तर फार पुढारलेले. कायद्यात आहे, पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून आहे, त्याचा अभिमानही आहे. पण माझ्या दोन्ही आत्यांनी लग्नानंतर नोटरीकडे जाऊन आपला हिस्सा सोडून दिला. कुणी धमकावलं नाही. मोठ्या आत्याला मी विचारलं तर म्हणाली, सही केली नसती तर चवथीला माहेरी कुठल्या तोंडानं आले असते. विदर्भातल्या दादांच्या आजीचं वाचलं आणि दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघत बसले. तिकडे कायदा नसताना नाव लागलं आणि इकडे कायदा असताना सुटलं.

संत्र्याचा मळा

पेडण्याची ताई, तुमच्या आत्याचं वाक्य आमच्या घरातल्या सगळ्या बायांना वाचून दाखवलं. बहिणीनं म्हटलं, आपल्याकडे पण राखीच्या आधीच सह्या घेतात.

सिएटलचा पाऊस

ठाणे, मग पुणे, गेली चौदा वर्षं सिएटल. इथलं आमचं सगळं मित्रमंडळ लिबरल. डेमोक्रॅट्सना देणग्या, काळ्यांच्या मोर्चात घोषणा, अंगणात पाट्या. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल महापालिकेनं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं असं करणारं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत जन्मानं पुण्याच्या, वाढल्या मुंबईत, म्हणजे आपल्याच. मला वाटलं आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडेल. तर एकेकाचे मेसेज, इथं कुठे जात आहे, हे आपल्याला बदनाम करायला आहे, आपल्या मुलांना शाळेत त्रास होईल. हीच माणसं वंशभेदावर तास-तास बोलणारी. चर्चा दीडशे मेसेजपर्यंत गेली आणि त्या सगळ्यात एक मित्र काहीच लिहीत नव्हता, औरंगाबादकडचा, माझ्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा. आठ वर्षांची ओळख, आमच्याकडे गणपतीला मोदक वळायला बसणारा. त्याला आडनावावरून कोणी ओळखलं नव्हतं. आठवड्यानं तो मला भेटला आणि म्हणाला, आता मला ग्रुप सोडता पण येत नाही, सोडला की कळेल. मी त्याच्यासमोर बसून होतो आणि मला त्या दीडशेमधला माझा स्वतःचा मेसेज आठवत होता, 'दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत' असा. तो मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मागे घेतला. ठाण्यात मी पुरोगामी, अमेरिकेत लिबरल, आणि जिथं मित्राला गरज होती तिथं मध्यभागी उभा.

कुदळ फावडं

एक वेगळंच लिहितो. मी सांगलीचा. पण मला विदर्भ, मराठवाडा, खानदेश ही माणसं कळली ती सोमनाथला, बाबा आमटेंच्या श्रमसंस्कार छावणीत, चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल तालुक्यातलं सोमनाथ. १९९३ आणि ९४ असे दोन मे महिने. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको. पहाटे उठून गाणं म्हणत कामावर, बांध घालायचा, उन्हं चढली की परत, आणि दुपार-संध्याकाळ चर्चा. माझ्या टोळीत एक गडचिरोलीचा, तो तिकडच्या लेखा-मेंढा गावाचं सांगायचा, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार आणि आमच्या गावात आम्हीच सरकार, आणि मला वाटायचं ग्रामपंचायत तर आमच्याकडंही आहे, त्यात काय एवढं. एक धुळ्याची मुलगी होती, शहाद्याच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी कशी फोडली ते सांगायची. एक परभणीचा मुलगा होता जो मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं नाव काढलं की उठून जायचा. तिसऱ्या रात्री तो उठला नाही, आणि सगळ्यांच्या आधी त्यानंच बोलायला सुरुवात केली. काय बोलला ते इथं लिहीत नाही, ते त्याचं आहे.

पुढं सांगलीत आमच्याकडं रोज संध्याकाळी सेवादलाची शाखा भरायची ते मैदान गेलं, वाचनालयाच्या हॉलमध्ये आता लग्नं होतात, वसंत व्याख्यानमालेला समोरच्या दोन रांगा भरल्या तरी आयोजक खूश. मला त्यापेक्षा जास्त वाईट याचं वाटतं की परभणीचा आणि सांगलीचा एका ताटात जेवतील अशी जागा माझ्या मुलाला मिळालेली नाही. त्याचे मत एकदम पक्के आहे, आणि तो मिरजेच्या पलीकडं गेलेला नाही.

गोदाकाठ

नामांतराचं नाव निघालं म्हणून लिहिते. आठ दिवस लिहू की नको करत होते.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यात. आजोबा स्वातंत्र्यसैनिक. हैदराबाद स्टेट काँग्रेस, स्वामी रामानंद तीर्थांचे अनुयायी, रझाकारांच्या काळात घर सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिलेले. १७ सप्टेंबरला दरवर्षी झेंडावंदनाला पुढच्या खुर्चीत. खादी, चरखा, विहीर सगळ्यांना खुली केली तीही त्यांनीच, गावात पहिली. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना एक सांगते, आमच्याकडं पुरोगामी म्हणजे निजामाविरुद्ध लढलेला, बाकी सगळं त्याच्या नंतर. तुमच्याकडं शाहू होते, सत्यशोधक होते, आमच्याकडं १९४८ पर्यंत सभा घ्यायची सोय नव्हती.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादेत कॉलेज काढलं तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षण होतं कुठं, त्यामुळं नाव देण्यात गैर काय हे मला आज सरळ दिसतं. पण आजोबा म्हणायचे मराठवाडा हे नाव आम्ही रक्त देऊन मिळवलंय. त्यांच्यासारखी मुक्तिसंग्रामातली माणसं दोन्ही बाजूंना होती. ठरावानंतर गावागावात दलितांच्या वस्त्या जाळल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आमच्याच जिल्ह्यातले, त्यांना कसं मारलं ते महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्या गावात कोणी मेलं नाही, पण एका रात्री वस्तीतल्या बारा-पंधरा बायका-लेकरं आमच्या वाड्याच्या दाराशी आली. आजी सांगायची की कडी वाजत होती. आजोबा जागे होते. ओसरीवर कंदील होता तो त्यांनी बारीक केला. दार उघडलं नाही.

सकाळी दाराबाहेर एक लहान पोराची चप्पल पडलेली होती. आजीनं ती उचलून आत आणली, कोनाड्यात ठेवली, आणि आजोबांना बोलली की हिला हात लावायचा नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तोवर ती तिथंच होती, मी स्वतः पाहिलेली आहे, हिरव्या पट्ट्याची. आजोबा त्या कोनाड्याकडं पाठ करून बसायचे. त्या रात्रीबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत, माफी मागितली नाही, समर्थनही केलं नाही. वडलांनी घर पाडून नवीन बांधलं तेव्हा चप्पल कुठं गेली माहीत नाही. मी ती जपून ठेवायला पाहिजे होती.

पंचगंगा

गोदाकाठ, लिहिलंत म्हणून आभार. यापुढं मी काही लिहू शकत नाही आज.

साधा वाचक

इथं फक्त वाचायला येतो, खातं याच धाग्यासाठी काढलंय. मीही नांदेड जिल्ह्यातलाच, वस्तीतला. १९७८ ला मी नव्हतो, माझा मोठा भाऊ चार वर्षांचा होता. आई त्याला काखेत घेऊन पळाली. ती सांगते की पहिल्यांदा आम्ही गावातल्या गांधीवाल्या मालकाच्या दाराशी गेलो, कारण विहिरीवर पाणी भरू देणारे तेच होते, तेच घेतील असं वाटलं. कडी वाजवली. आतला उजेड कमी झालेला तिला दिसला. मग त्या सगळ्या जणी नदीकडं गेल्या आणि दोन रात्री ज्वारीच्या रानात काढल्या. आमच्यात पुरोगामी या शब्दाबद्दल कोणी बोलत नाही पण आई अजून म्हणते, दार उघडलं नाही तरी विहिरीवरून हाकललं पण नव्हतं, दोन्ही गोष्टी त्याच माणसाच्या. मला तिचं हे म्हणणं पटत नाही. आम्ही यावर भांडतो.

अशी दारं बऱ्याच गावात असतील त्यामुळं हे तेच गाव आहे असं मी म्हणत नाही. भावाच्या चपलेचं आईला विचारलं, तर म्हणाली कसला रंग, अंधार होता.

गोदाकाठ

तुमच्या आईंच्या गावाचं नाव सांगाल का? इथं नको, व्यनि म्हणजे खाजगी निरोप केला तरी चालेल. माझी आजी अजून आहे, ९१ वर्षांची. ऐकू येतं तिला.

साधा वाचक

व्यनि केलाय.